दोन रेघांच्या पट्टीची आणि आत्याबाईंच्या रुसव्याची बखर

श्रीकुलस्वामिनीस दंडवत घालून, आणि दरबारात जे कानी आले त्यावर लगोलग विश्वास न ठेवता, चहूंकडून पारखून हा मजकूर लिहिला असे. राज्याभिषेक शके एकतीस, विलंबीनाम संवत्सर, माघमास. ते समयी राज्यात सर्दी-तापाची साथ पसरली, घरोघर खोकला सुरू जाहला, आणि त्याच दिवसांत राणीसाहेब प्रसूत होऊन पुत्र जाहला. पुत्र दिवस भरण्याआधी आला, सबब अंगाने अगदी नाजूक, आणि त्याचे जतन गडाच्या पायथ्याच्या दवाखान्यातील वैद्य भानुमतीबाई यांजकडे सोपविले. बाई कामात चोख, परंतु स्वभाव ऐसा की, दूध ताजे आहे म्हणोन कोणी सांगितले तरी वाटी हुंगल्याशिवाय ओठी लावीत नसत. त्यांनी हुजुरांस निक्षून सांगितले की, ही साथ मोठ्या माणसास आठवडाभर निजवील आणि सोडील, परंतु बाळराजांच्या छातीत शिरली तर बाळराजे हाती लागणार नाहीत. मग बारसे लांबणीवर टाकिले, आणि टाकून टाकून किती टाकणार, म्हणोन अखेर फाल्गुनातला मुहूर्त धरिला.

आता बारशास मानकरी येणार, त्यांत कोणाच्या अंगात साथ आहे हे ओळखावे कसे, ही चिंता पडली. तेव्हा दिवाण विसाजीपंत यांनी परमुलखीच्या सौदागराकडून पट्ट्यांच्या पेट्या आणविल्या. पट्टीची रीत अशी की, लांब काडी नाकात खोलवर फिरवावी, मग ती औषधी पाण्यात घोळावी, त्या पाण्याचे थेंब पट्टीवर सोडावे आणि अंमळ वाट पाहावी. एक रेघ उमटली तर माणूस निर्मळ, दोन उमटल्या तर साथ अंगात आहे. सौदागर शपथेवर बोलिला की ही पट्टी चुकत नाही. भानुमतीबाईंनी विचारिले, कोणाच्या नाकावर पारखली? तो म्हणाला, आमच्या थोरल्या रुग्णालयात तापाने फणफणून खाटेवर पडलेल्यांवर. बाई म्हणाल्या, माझ्या दवाखान्यात तर लोक चालत येतात, कोणाचा नुसता घसा खवखवतो, कोणास कालपासून शिंका येतात. तशांवर पारखली काय? सौदागर गोड हसला आणि पट्टीची तारीफ पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला. तेव्हाच बाईंच्या मनात पाल चुकचुकली.

मग तपासणी सुरू जाहली, आणि नवल असे की भालदार, पाणके, दासी यांपैकी जो खोकला त्याच्या पट्टीवर दोन रेघा, आणि मानकरी कितीही खोकले तरी पट्टीवर एकच रेघ. दरबारात आनंदीआनंद जाहला की रोगासही माणसाचा दर्जा कळतो. विसाजीपंतांनी तर थोरांच्या रक्ताचे गुण सांगणारे भाषण केले, आणि भाषणात दोन वेळा थांबून तोंडाशी रुमाल धरिला. भानुमतीबाईंस वहीम आला की दिवाणांनी थोरांसाठी वेगळी, मुकी पेटी आणविली असावी. सबब त्यांनी मानकऱ्यांच्या पेटीतील पट्टी गुपचूप काढिली आणि तापाने फणफणलेल्या एका दासीवर लाविली, तों दोन रेघा लख्ख उमटल्या. पेटीचा दोष नव्हता. मग वहीम आला की पेटी उन्हात राहिली असेल. तेही पाहिले, आणि तेही नव्हते. मग बाईंनी काड्यांकडे पाहिले.

त्या राज्याचा रिवाज ऐसा की, मानकऱ्याच्या मुखास परक्याने हात लावू नये. न्हावीदेखील आधी मुजरा करी आणि मग वस्तरा काढी. म्हणोन दासांच्या नाकात शिपाई काडी घालीत, डोळ्यांतून पाणी येईतो फिरवीत, आणि मानकरी मात्र पडद्याआड जाऊन आपली काडी आपणच फिरवीत. बाईंनी पडद्याआडून आलेल्या काड्या उजेडात धरिल्या, तों सगळ्या कोरड्या ठणठणीत; नाकाच्या दारापाशी जाऊन परत आलेल्या. बाईंनी दिवाणांस अर्ज केला. दिवाण म्हणाले की, मानकरी खोटे वागतात ऐसे तुमचे म्हणणे काय, आणि तसे असेल तर ते भरदरबारात बोला, म्हणजे पुढची तजवीज आम्हांस करिता येईल. पुढची तजवीज म्हणजे काय हे बाईंस न सांगता कळले, आणि त्यांनी अर्ज मागे घेतला.

बारशाच्या आदल्या दिवशी चिमासाहेब आत्याबाई गडावर आल्या. या महाराजांच्या थोरल्या भगिनी. यांस मूलबाळ नाही, आणि भावाचे मूल पाळण्यात पाहावे, त्याच्या कानाशी ओठ नेऊन आपण योजलेले नाव सांगावे, या एका आशेवर यांचे केस पिकले होते. पालखीतून उतरता उतरता यांस ठसका लागला. पडद्याआडून यांची पट्टी आली, रेघ एक. भानुमतीबाई तो ठसका ऐकून गप्प राहू शकल्या नाहीत. धाडस करून एकट्या महालात गेल्या आणि काडीची कहाणी सांगितली. आत्याबाईंचे डोळे बारीक जाहले.

"मला पाळण्यापासून दूर ठेवण्यास राणीसाहेबांनी तुला काय देऊ केले?" त्यांनी विचारिले.

बाई म्हणाल्या, "काही नाही. त्यांस ठाऊकही नाही."

"मग माझी एक रेघ तुला का टोचते? दासीच्या दोन रेघा तू मुकाट मानल्यास."

"दोन आल्या तर मी मानते, आत्यासाहेब. त्या सहसा खोट्या येत नाहीत. एक आली तर मी पट्टी बाजूस ठेविते आणि माणसाकडे पाहते. आपण खोकता आहात, आणि उद्या आपले ओठ बाळराजांच्या कानाशी जाणार."

आत्याबाईंस राणीसाहेबांचा संशय, दिवाणांचा संशय, आणि समोर उभ्या बाईचाही संशय. मग त्यांनी दार लावून घेण्यास सांगितले, मान मागे टाकिली आणि म्हणाल्या, "घाल काडी." बाईंनी रिवाज मोडिला. काडी खोलवर गेली, आत्याबाईंच्या डोळ्यांतून पाणी आले, आणि पट्टीवर आधी एक, मग हळूच दुसरी रेघ उमटली. ती पट्टी आत्याबाईंनी हाती घेतली आणि समईच्या ज्योतीवर जाळिली. "आता जा," इतकेच म्हणाल्या.

भानुमतीबाई गेल्या, परंतु जीव थाऱ्यावर नव्हता. पुरावा जळाला, दरबारी एक रेघ जाहीर जाहलेली, आणि आत्याबाई आशेने वेड्या. आत्याबाईंच्या वचनावर बाळराजांचा जीव टांगावा, तर त्यांनी वचनही दिले नव्हते.

दुसरे दिवशी बाई तोंडास पदर बांधून पाळण्याशी उभ्या राहिल्या. वाजंत्री लागली, मानकरी चौकात जमले, आणि आत्याबाई भरजरी शालू नेसून उंबरठ्यापर्यंत आल्या. तेथे थांबल्या. पाळण्याकडे एकवार पाहिले, आणि मोठ्याने म्हणाल्या, "आमच्या पालखीस सामोरे कोणी आले नाही. आम्ही आत येत नाही. नाव आईनेच सांगावे." आणि चौकात मागे फिरून उभ्या राहिल्या. आता रिवाज ऐसा की, आत्या उंबरठ्याबाहेर असता कोणा मानकऱ्याने आत जाऊ नये. सबब दिवाणांसुद्धा सगळे मानकरी भर उन्हात चौकात उभे राहिले, घाम पुसू लागले आणि खोकू लागले. आत राणीसाहेब संतापल्या. त्यांनी आत्याबाईंस न विचारिता आपल्या मनचे नाव बाळराजांच्या कानात सांगितले.

त्या आठवड्यात आत्याबाई तापाने निजल्या, आणि त्यांच्यामागे दिवाण आणि निम्मे मानकरी निजले. दरबाराने निर्णय दिला की पट्टीने सर्वांस निर्मळ म्हटले होते, अर्थात हा ताप उन्हाचा, आणि उन्हाचा दोष आत्याबाईंचा. भानुमतीबाई औषध घेऊन महालात गेल्या आणि म्हणाल्या की, खरे आता तरी सांगू द्यावे.

आत्याबाई म्हणाल्या, "सांगशील तर ती जळालेली पट्टीही खोटी म्हणतील आणि तुलाही खोटी म्हणतील. मग बाळाकडे कोण पाहील? आत्या रुसली, हे सगळ्यांस लगेच पटते."

बाईंस रडू आले. मग त्यांनी विचारिले की, आपण कोणते नाव योजले होते? आत्याबाईंनी भिंतीकडे तोंड केले आणि म्हणाल्या, "ठेविले तेच चांगले आहे." त्यांनी योजलेले नाव पुढे कोणासही कळले नाही.

येणेंप्रमाणे मजकूर. बाळराजे खुशाल वाढले, पट्टी अचूक ठरली, आणि आत्याबाई भांडखोर ठरल्या, ऐसे दफ्तरी दाखल आहे. पैकी पहिले तेवढे खरे.