क्वार्टरबॅकचा चौथा सत्कार

कोणत्याही संस्थेत माणूस म्हातारा होतो तो एका दिवसात, आणि ही बातमी त्याला सोडून बाकी सर्वांना त्याच दिवशी कळते. ती त्याला कळवायची कशी, एवढ्याच कामासाठी मानवजातीने समित्या शोधून काढल्या असाव्यात. आमच्या समितीने तर या क्षेत्रात आदर्श घालून दिला आहे.

‘झूटरमेर झुंजार’ हा आमचा नेदरलँड्समधला संघ अमेरिकन पद्धतीचा फुटबॉल खेळतो, पण त्यातला सभ्य प्रकार. यात समोरच्याला आडवं पाडायचं नसतं. त्याच्या कमरेला लटकणारी पट्टी ओढली की तो थांबतो. (संघातले बहुतेक जण नोकरीच्या परवान्यावर इथे आहेत. पट्टी गेली तर चालते, सोमवारची मीटिंग चुकलेली चालत नाही.) पाच जण खेळतात. चार पळतात, पाचवा क्वार्टरबॅक. तो मागे उभा राहतो, कोण मोकळं आहे ते बघतो आणि चेंडू फेकतो. त्याची फेक पोचली तर संघ जिंकतो.

आमचे क्वार्टरबॅक नीळकंठ. वय चोपन्न. संघ त्यांनीच काढला, मैदानासाठी खेमेंटेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, अकरा हेलपाटे त्यांनीच घातले, पट्ट्यासुद्धा पहिल्या वर्षी त्यांच्या घरी शिवल्या गेल्या. अशा माणसाच्या फेकीचं मोजमाप करणं हा कृतघ्नपणा होय. म्हणून आम्ही ते फक्त एका मोसमापुरतं केलं. एकूण फेकी एकशे बारा. आपल्या माणसांच्या हातात एकतीस. समोरच्यांच्या हातात सव्वीस. कालव्यात नऊ. (कालवा मैदानाला फारच लागून आहे, दोष सर्वस्वी त्यांचा नाही.) उरलेल्या सेहेचाळीस जमिनीने झेलल्या.

दुसरीकडे सारंग. वय सव्वीस, युट्रेख्टच्या विद्यापीठात संशोधन करतो, उभ्या उभ्या पंचेचाळीस मीटर चेंडू फेकतो. त्याने संघाच्या सचिव सुचेता यांना शांतपणे सांगितलं, “ताई, वर्ष झालं, मी नुसता पळतोय. मोसमातला शेवटचा सामना युट्रेख्टशी आहे. तोपर्यंत मला फेकायला मिळालं तर ठीक, नाही तर मी त्यांच्याकडूनच खेळतो. मला सायकलने दहा मिनिटं पडतं.”

तो सामना जिंकलो तर आम्ही वरच्या गटात जाणार होतो. तेव्हा प्रश्न सरळ होता, आणि म्हणूनच समिती नेमावी लागली.

समितीच्या पहिल्या बैठकीत नीळकंठ यांना बदलावं यावर दोन मिनिटांत एकमत झालं. ते त्यांना कोणी सांगावं यावर पुढले सात आठवडे गेले. देवदत्त म्हणाले, माझा फ्लॅट त्यांनी शोधून दिला, मी कसा सांगू. मधू म्हणाले, मला विमानतळावर घ्यायला तेच आले होते. संघातला एकमेव डच खेळाडू मार्टाइन याने हात वर करून विचारलं, “त्याला फोन करून सांगितलं तर?” यावर सगळे मनापासून हसले. मार्टाइनची विनोदबुद्धी आम्हाला आधी ठाऊक नव्हती.

मग सुचेता नीळकंठ यांच्या पत्नी वीणा यांना भेटून आल्या.

“वहिनी, दादांचा खांदा कसा आहे हल्ली?”

“खांदा? कपाटावरचा रव्याचा डबा मी स्टुलावर चढून काढते.”

“मग तुम्हीच समजावा ना त्यांना.”

“मी? म्हणजे दर रविवारी घरात बसतील आणि माझ्या फोडणीत लक्ष घालतील. तुमचा माणूस, तुम्ही सांभाळा.”

वैद्यकीय पुरावा मिळाला, मार्ग मिळाला नाही. तो देवदत्त यांनी काढला: सत्कार. आपल्या समाजात एकदा माणसाच्या अंगावर शाल पडली आणि हातात नारळ आला की काय समजायचं ते तो समजतो. कोणाला काही बोलावं लागत नाही. पुण्याहून येणाऱ्या देवदत्त यांच्या सासूबाईंकडून शाल मागवली, हेगच्या सुरिनामी दुकानातून नारळ आणला आणि लायडस्खेनडामच्या एका भाड्याच्या सभागृहात कार्यक्रम झाला. सात जणांनी भाषणं केली, सातही भूतकाळात. नीळकंठ उत्तराला उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते.

“मित्रांनो, खरं सांगतो, मी या वर्षी थांबायचा विचार करत होतो,” ते म्हणाले. “पण तुमचं हे प्रेम बघून अजून पाच वर्षं हलत नाही.”

समितीने निष्कर्ष काढला की डोस कमी पडला. दुसरा सत्कार मानपत्रासह झाला. त्यात ‘आता विश्रांती’ हे शब्द होते. ते घालणं उद्धट वाटल्याने शेवटच्या मसुद्यात ‘आता नवी शिखरं’ असे करण्यात आले. नीळकंठ यांनी दुसऱ्याच दिवशी नवे बूट घेतले. तिसरा सत्कार जीवनगौरवाचा होता. (याच्या पुढे फक्त शोकसभा उरते, याची समितीला जाणीव होती.) त्यांनी सकाळी धावायला सुरुवात केली.

सामन्याच्या आदल्या गुरुवारी सरावानंतर मार्टाइनचा धीर सुटला. त्याने सर्वांसमोर इंग्रजीत सांगितलं, “नीळकंठ, तू म्हातारा झालास. तुझी फेक पोचत नाही. सारंगला दे.”

नीळकंठ यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“तुमच्यात असं बोलायची पद्धत असते, मला राग नाही. पण ही माझी माणसं आहेत. तसं असतं तर त्यांनी मला सांगितलं नसतं का?” मग ते आमच्याकडे वळले. “काय रे देवदत्त, असं काही आहे का?”

“छे हो, नीळूदादा.”

“मधू?”

“भलतंच काय.”

“सुचेता?”

“तुमच्याशिवाय संघ आहे का, दादा?”

सारंगने तिथेच पट्टी सोडली आणि सायकल काढली.

रविवारी आम्ही बेचाळीस विरुद्ध शून्य असे हरलो. पण त्या सामन्यात नीळकंठ यांनी कारकिर्दीतली सर्वांत लांब फेक केली. ती थेट सारंगच्या छातीवर जाऊन विसावली. सारंग आता समोरच्या संघात होता, एवढा तपशील सोडला तर फेक निर्दोष होती.

त्या फेकीबद्दल चौथा सत्कार ठरला आहे. तो कोणी सुचवला ते इतिवृत्तात नाही, विरोध कोणीच केला नाही. मार्टाइन येणार नाही म्हणाला. तसं त्याने तोंडावर सांगितलं, याचं सर्वांना वाईट वाटलं.

वाचकहो, एव्हाना तुमच्या ओळखीतले दोन-तीन नीळकंठ तुमच्या डोळ्यांपुढे येऊन गेले असतील. साहजिक आहे. फक्त एक आठवून बघा. हल्ली ऑफिसात, सोसायटीत किंवा घरी तुमचं कौतुक जरा वाढलंय का? ‘येत्या रविवारी मोकळे आहात ना, छोटासाच कार्यक्रम आहे,’ असं कुणी सहज विचारलंय का? विचारलं असेल तर जरूर जा. चांगले कपडे घाला. आणि भाषणात ‘अजून खूप काही करायचंय’ असं म्हणू नका. समोर बसलेल्या सगळ्यांनी त्याच एका वाक्याच्या भीतीने हात जोडलेले असतात.