अंगणातली हॉट रॉड

त्या रविवारी मला फक्त स्कूटरचा आरसा बदलायचा होता. तेवढ्यासाठी मी लोहाऱ्याहून नळदुर्गला गेलो, ही चूक झाली असं सगळे म्हणतात. म्हणू देत. हायवेलगत गुंडाप्पा मिस्त्रीचं गॅरेज आहे. गॅरेजच्या मागं एक जुनी फियाट उभी होती आणि तिच्यात कोंबड्या राहत होत्या. मागच्या सीटवर एक खुडूक कोंबडी घरमालकिणीसारखी बसली होती.

"विकायची हाय का?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"कोंबडी का गाडी?" गुंडाप्पानं विचारलं.

आता जरा माझ्याबद्दल. मी रामहरी, शाळेत क्लार्क, वय सत्तेचाळीस. वर्षभरापासून मोबाईलवर परदेशी लोकांच्या हॉट रॉड बघतोय. हॉट रॉड म्हणजे काय, तर जुनी गाडी घ्यायची, तिचं छप्पर कापायचं, बॉनेट काढून टाकायचं, इंजिन उघडं ठेवायचं आणि मागं जाडजूड चाकं लावायची. मग ती गाडी चिडलेल्या रेड्यासारखी हुंकारते. या कामाला त्या लोकांकडं मोठमोठ्या शेड असतात. माझ्याकडं अंगण आहे. सतरा फूट लांब, अकरा फूट रुंद. त्यातच पाण्याचा हौद, तुळस आणि बायकोचं शेवयांचं मशीन.

घरी येऊन मी जाहीर केलं, "आपण घरीच हॉट रॉड बनवणार."

अयोध्या (म्हणजे आमच्या मंडळी) भाकरी थापत होती. वर न बघताच म्हणाली, "कशाला? दुकानात मिळतंय की."

"दुकानात न्हाय मिळत. हातानंच बनवायचं असतंय."

"करंट बसंल की वो!"

"करंट कसला? पेट्रोलवर चालतंय ते."

तिचे हात थांबले. "पेट्रोलवर? आवो, पाणी तापवायचंय का घर पेटवायचंय?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती आंघोळीच्या बादलीत सोडायच्या रॉडबद्दल बोलत होती! मी मोबाईल काढून तिला एक व्हिडिओ दाखवला. तिनं तो जाहिरातीसकट शेवटपर्यंत बघितला आणि म्हणाली, "यापरीस बादलीतला रॉड बरा हुता."

पण शेजारच्या भीमाशंकरनं भिंतीपलीकडून अर्धंच ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी लाईनमन शिवपुत्र दारात हजर. "क्लार्कसाहेब, घरी हीटरचा कारखाना टाकायलाव म्हणं?" त्याला मीटर दाखवला, वायर दाखवली, शेवटी तोच व्हिडिओ दाखवला. तो जाताना अयोध्येला हळूच म्हणाला, "वैनी, हीटर परवडला असता."

एवढ्यावर मी गप्प बसलोही असतो. (मी बऱ्याचदा गप्प बसतो.) पण रात्रीच्या भाकरीआधी अयोध्या सहज बोलून गेली, "ऱ्हाऊ द्या वो. तुमच्यानं न्हाय व्हायचं ते."

हे वाक्य मी जन्मभर ऐकत आलोय. खोटं कशाला बोलू, त्यात तथ्यही आहे. माझी टायपिंगची परीक्षा अर्धी राहिली, पोहणं कमरेएवढ्या पाण्यात राहिलं, आणि माळ्यावरची बाजाची पेटी अजून 'सा'च्या पुढं गेलेली नाही. पण त्या दिवशी काय झालं कुणास ठाऊक. मी उठलो आणि म्हणालो, "हुणार! आणि ह्याच अंगणात हुणार!"

मग प्लॅनिंगला लागलो. शाळेच्या मैदानावर आखायला फक्की येते, तिच्यातली ओंजळभर उरलेली मुख्याध्यापकांना विचारून आणली आणि अंगणात गाडीच्या मापाची रेघ मारली. रेघ तुळशीला वळसा घालून, हौदाला घासून, न्हाणीच्या दाराशी थांबली. माझी आई गिरिजाबाई काठी टेकत त्या रेघेला वळसा घालून जायला लागली.

"आई, मधनं जा की. गाडी अजून आली न्हाय."

"नगं बाबा," आई म्हणाली, "कुणी आत बसलं असंल तर?"

अयोध्येनं रेघ बघितली आणि कमरेला पदर खोचला. "ऐका. रेघंच्या आतलं तुमचं, भाहेरचं माझं. एक नट जरी भाहेर दिसला, तर भंगारात घालीन."

"कबूल!" मी म्हणालो. सह्या तेवढ्या राहिल्या.

गुंडाप्पाकडून विकत घेतलेली फियाट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आली. त्यानंतर चार महिने माझा प्रत्येक रविवार त्या रेघेच्या आत गेला. छप्पर कापलं. बॉनेट काढलं. इंजिन उघडून, पुसून, परत मिटलं. (तीन स्क्रू उरले. ते मी खिशात ठेवले. खिसा कुणाच्याच हद्दीत येत नाही.) पाना बाहेर पडू नये म्हणून तो करदोड्याला बांधला होता. शेवया वाळायला घातल्या की मला गाडीखालून सरपटत न्हाणीत निघावं लागे.

एका रविवारी भीमाशंकर भिंतीवर हनुवटी टेकवून बघत होता. म्हणाला, "अयोध्यावैनी, रामहरीला सोलापूरला न्या एकदा. चांगला डॉक्टर हाय डोक्याचा."

मी गाडीखाली होतो. बाहेर यावंसं वाटेना. खरं सांगतो, त्या क्षणी मी पाना सोडला होता.

तेवढ्यात शेवयांचं मशीन थांबलं. "भावजी," अयोध्येचा आवाज आला, "माझा नवरा येडा का शाणा, ते मी बघून घीन. तुमी तुमचा कडबा बघा, शेळ्या खायल्यात."

मग तिचे पाय रेघ ओलांडून आत आले. "निघा भाहेर. काय उचलायचंय ते सांगा."

उचलायचा होता मागचा एक्सल. दोन चाकांच्या मधला तो आडवा दांडा, मधोमध लोखंडी गोळ्याचा. इंजिनची ताकद चाकांना पोचवतो तो हाच. आम्ही दोघांनी तो हौदाच्या आणि भिंतीच्या मधून कसाबसा आत घातला. घालताना तो पालथा झाला. सरळ करायचा तर पुन्हा बाहेर काढायला हवा होता, आणि बाहेर शेवया होत्या.

"उलटा तर न्हाय ना बसला?" अयोध्येनं विचारलं.

"गोल वस्तूला काय उलटं आन काय सुलटं?" मी म्हणालो. मला त्या दिवशी कुणी अडवू शकत नव्हतं.

अखेर तो दिवस आला. गाडी ढकलत रस्त्यावर काढली. लाल रंग, उघडं इंजिन, मागं जीपची चाकं. आईनं नारळ फोडला. निम्मी गल्ली जमली. मी सेल्फ मारला आणि गाडी अशी गरजली की भीमाशंकरच्या शेळ्या दावं तोडून पळाल्या. मी मान ताठ केली, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला.

गाडी सुसाट निघाली. मागं. थेट भीमाशंकरच्या कडब्याच्या गंजीत.

पेंढ्यांखालून मी गुंडाप्पाला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं, पोटभर हसून घेतलं, मग म्हणाला, "गोळा पालथा बसवलाव साहेब. आता चार गिअर मागं आन एक पुढं."

आणि पुढं नेणारा तो एक गिअर म्हणजे मूळचा रिव्हर्स. आमच्या फियाटचा तो आधीपासूनच घसरका, टाकला की निसटायचा.

लोकांनी गाडी ओढून बाहेर काढली. भीमाशंकर कडब्याकडं बघत म्हणाला, "मी म्हणलंच हुतं."

"लावा घरात ढकलून," कुणीतरी म्हणालं.

मी केसांतला कडबा झटकला. "घरात न्हाय. गावाला फेरी मारून येणार!"

"अशी? उलटी?"

"गाडी माझी हाय. तिला पाठ कुठली न् तोंड कुठलं, ते मी ठरवीन!"

मला वाटलं, अयोध्या आता कपाळावर हात मारणार. तिनं दार उघडलं आणि शेजारी येऊन बसली. मागं तोंड करून म्हणाली, "मी रस्ता बघते. चला."

मीही मान मागं वळवली आणि आम्ही निघालो. तहसीलवरून, बाजारातून, थेट एसटी स्टँडपर्यंत, सगळं उलटं. लोक दुकानातून बाहेर आले. कुणी शिट्टी मारली, कुणी टाळ्या वाजवल्या. "डावीकडं! म्हस हाय! लई झालं, उजवीकडं!" अयोध्या ओरडत होती आणि हसत होती. चार महिन्यांत तिला असं हसताना मी बघितलं नव्हतं. इतका मोठा विजय मला आयुष्यात मिळालेला नाही.

स्टँडसमोर वडापची जीप चालवणारा बंडप्पा सीटा भरत होता. त्यानं गाडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, पुन्हा गाडीकडं बघितलं.

"क्लार्कसाहेब," त्यानं अगदी मनापासून विचारलं, "तुमी आलाव का चाललाव?"

मला त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून खणखणीत उत्तर द्यायचं होतं. पण मान मागंच आखडून बसली होती.