यंत्रानं विचारलं की 'हो' म्हणायचं!

खण्णकन आवाज झाला! लेकीच्या डब्याचं झाकण फरशीवर गरगरत गेलं आणि वाचनालयाची शांतता मोडली.

"शूऽ!" क्लास घेणारी तिची आई दटावून पुन्हा घड्याळाकडे वळली. एक डोळा लेकीवर, एक काट्यावर. सहा विद्यार्थ्यांसाठी तिसरा आणायचा कुठून? पाचला ग्रंथपालसाहेब येणार, पत्रं वाचणार आणि तिचा संगणकाचा क्लास पुढे चालवायचा की नाही ते ठरवणार! "बाराव्या दिवशी प्रत्येकाच्या हातात स्वतः टाइप केलेलं पत्र देईन," असं तिनंच छातीठोकपणे सांगून ठेवलेलं. आज तो दिवस!

"मंगळवारपासून पडद्यावर उघडंच असलेलं पत्र झालं लिहून? आता 'पत्र' नावानं सेव्ह करा. यंत्रानं काही विचारलं तर?"

"होऽ म्हणायचं!" सगळे एका सुरात. पहिल्या दिवसापासून तिनं हे घोटवून घेतलं होतं. नाहीतर पडद्यावर प्रश्न उमटला रे उमटला की पोस्टमनकाका खुर्ची सोडून दारापर्यंत पोचायचे!

आता फोल्डर सगळ्यांचा एकच. यंत्रानं बिचाऱ्यानं पाचदा विचारलं, 'या नावाचं आधीचं पुसून हे ठेवू?' पाचदा आनंदानं 'हो' मिळालं! शेवटचं 'हो' तिच्या सासूबाईंचं. त्या एकेक अक्षर हरवलेल्या सुईसारखं शोधतात.

"बंद करा, पुन्हा उघडा, छापा!"

सहा कागद सुळसुळत बाहेर आले. शिंपीकाकांनी आपला छातीशी धरला. "काय सुरेख आलंय माझं!"

"वाचलंत?"

"चष्मा घरी राहिला. पण आपलं काम मी लांबून ओळखतो!"

तेवढ्यात साहेब आले. एक कागद उचलून मोठ्यानं वाचू लागले, "'ताई, सूनबाईचा क्लास एकदाचा बंद पडू दे. पोरगी दिवसभर आई आई करते...'" दुसरा उचलला. तिसरा उचलला. "बाई, सहाही जणांना क्लास नकोय?"

"साहेब, माझीच चूक! एकमेकांची पत्रं पुसली गेली हो. उरलं ते एकाचंच..."

"कुणाचं?"

ती घाईघाईनं कागद गोळा करू लागली. सासूबाईंना चारचौघांत उघडं कसं पाडायचं?

सासूबाईच उठल्या. "माझं. मंगळवारी रागात लिहिलं, साहेब. आता मत बदललंय. पाच जणांचं पुसून बसले, पण स्वतःचं कसं पुसायचं ते बाईंनी अजून शिकवलं नाही! तेवढं होईस्तोवर तरी क्लास राहू द्या."

साहेबांना हसू आवरेना. "बरं, आणखी एक महिना!"

तिचा जीव भांड्यात पडतोय तोच लेकीनं ओढणी खेचली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"आई, आजी मंगळवारी खोटं बोलली, की आज?"