गंजीभोवती तीन फेऱ्या

चष्मेवाल्यानं आपल्या धाकट्या मेहुण्याला 'कोंबडी' म्हटलं ते भर रविवारी, अख्ख्या सायकलमंडळाच्या देखत. मेहुणा पाव भाजणारा. अंगानं गुबगुबीत आणि स्वभावानं पावाइतकाच मऊ. जाड टायरच्या सायकली घेऊन गावाबाहेरच्या खडीच्या आडरस्त्यांनी हिंडायचं, हा त्या मंडळाचा उद्योग, आणि दर वेळी नवा मार्ग शोधून ठेवायचं मानाचं काम मेहुण्याकडे होतं. त्या रविवारी वाटेत एक कुत्रा आडवा झोपला होता. त्याची झोप मोडायला नको म्हणून मेहुण्यानं सगळ्यांना दोन टेकड्या मागं फिरवलं.

"अरे, कुत्रा झोपलाय," चष्मेवाला म्हणाला. "फडफडतेय ती तूच, कोंबडी."

झालं. सगळे पोट धरधरून हसले. मंडळाच्या प्रमुख म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका बाई. त्यांनी मार्ग शोधायचं काम तिथल्या तिथं मेहुण्याकडून काढून चष्मेवाल्याला दिलं. मेहुणा घरी गेला तो पुढं किती तरी रविवार उगवलाच नाही.

"दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढता," बायको म्हणाली, "आणि आपलं माणूस रडवेलं झालेलं तुम्हाला दिसत नाही."

"अगं, गंमत केली."

"मग आणा त्याला परत, गमतीनं."

तेव्हापासून ती कामापुरतं बोलू लागली. 'जेवण झाकलंय', 'दिवा घालवा', यापलीकडे शब्द नाही. घरात बायको गप्प असली की भांडीसुद्धा टोमणे मारतात, हे चष्मेवाल्याला तेव्हा कळलं.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी तो एकटाच मार्ग शोधायला निघाला. मार्ग सापडला तोही असा की बघत राहावं. निजलेल्या माणसाच्या पोटासारख्या हलके वरखाली होणाऱ्या टेकड्या, दोन्ही अंगांना कापणी झालेली शेतं आणि टायरखाली कुरकुरणारी बारीक खडी. माणूस नाही, मोटार नाही. चष्मेवाला शीळ घालत चालला होता, तेवढ्यात एका शेताच्या फाटकाशी समोर एडका उभा राहिला. शिंगं अशी की दोन जिलब्या डोक्याला बांधल्यात. चष्मेवाल्यानं घंटी वाजवली. एडक्यानं मान खाली घातली.

पुढचं त्याला नीटसं आठवत नाही. तो फाटकातून आत घुसला, अंगणातल्या गवताच्या गंजीभोवती तीन फेऱ्या झाल्या आणि चौथीच्या आधी तो सायकलीसकट गंजीवर होता. कसा चढला म्हणाल, तर भीतीला शिडी लागत नाही. थोड्या वेळानं शेताची मालकीण, एक म्हातारी, बाहेर आली आणि लाडानं म्हणाली, "बाळ्या, घाबरलास का रे?"

"नाही, तसं काही नाही," चष्मेवाला वरून म्हणाला.

प्रश्न एडक्याला होता.

घरी येऊन त्यानं यातला चकार शब्द काढला नाही. कोणत्या तोंडानं काढणार? फक्त मार्ग बाईंकडे पाठवून दिला. त्या मंडळात प्रत्येकाच्या हँडलवर एक यंत्र असे. मार्ग शोधणाऱ्याची सायकल जिथून जाईल तिथून त्याच्या यंत्रात एक रेघ उमटे. ती रेघ मग सगळ्यांच्या यंत्रांत जाई. रेघ सुटली की यंत्र किंचाळे, आणि यंत्राच्या आधी बाई किंचाळत.

रविवारी मेहुणाही आला. बहिणीनं हातापाया पडून पाठवला होता. तो आपला सगळ्यांत मागं, गुपचूप. बाकीचे मार्गावर खूश होते.

"कुठून हुडकला हो हा रस्ता?"

"नजर लागते," चष्मेवाला म्हणाला आणि छाती काढून पायडल मारू लागला. ती छाती फाटकापर्यंत टिकली. फाटकाशी बाईंनी हँडल वळवलं.

"बाई, इकडं कुठं? सरळ जायचंय."

"रेघ आत जाते."

"यंत्र बिघडलं असेल."

"सगळ्यांची एकदम?" बाईंनी त्याच्याकडं असं पाहिलं की त्याला आपण गृहपाठ विसरून आलोय असं वाटलं. सगळे आत शिरले. एडका कुठं दिसत नव्हता, तेवढाच दिलासा. पण रेघ गंजीभोवती वळली. एकदा वळली, दुसऱ्यांदा वळली.

"हे कशासाठी म्हणायचं?" बाईंनी विचारलं.

"सराव," चष्मेवाल्याच्या तोंडून निघून गेलं. "खडीवर वळण घेण्याचा."

"उत्तम. एकामागोमाग चला. ढकलाढकली नको."

आणि ती सगळी शहाणीसुरती माणसं, त्यांत एक दातांचे डॉक्टर आणि एक वकीलसुद्धा, गंजीभोवती घाण्याच्या बैलांसारखी तीन फेऱ्या फिरली. मग यंत्रं पुन्हा किंचाळली.

"रेघ वर जाते," बाई म्हणाल्या.

चष्मेवाल्याला धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. "वरून... देखावा फार सुंदर दिसतो," तो पुटपुटला.

भिंतीला टेकलेली शिडी आणली गेली. आधी बाई चढल्या, मग मंडळ. देखावा खरोखरच सुंदर होता. सगळे 'वा वा' करत असताना मेहुणा सरकत सरकत त्याच्याजवळ आला.

"दाजी, कोण होतं? कुत्रा?"

चष्मेवाल्यानं मान खाली घातली. "एडका."

"बाप रे," मेहुणा एवढंच म्हणाला. हसला नाही. हसला असता तर बरं, असं चष्मेवाल्याला वाटलं.

इतक्यात म्हातारी बाहेर आली, आणि तिच्यामागं बाळ्या. "परत आलात होय? आणि आज वऱ्हाड घेऊन?"

"परत म्हणजे?" बाईंनी विचारलं.

"परवा एक जण बाळ्याला भिऊन इथंच चढून बसला होता की. सायकलीसकट."

"कोण?"

म्हातारीनं डोळ्यांवर हात धरून वरच्या हेल्मेटांकडं पाहिलं. "उन्हात तोंड कुठलं दिसतंय. सगळ्यांच्या डोक्यावर तीच मडकी."

गंजीवरचे सगळे एकमेकांकडं बघू लागले, तेवढ्यात मेहुणा म्हणाला, "मीच तो, आजी. दाजींनी त्या दिवशी मला सोबत आणलं होतं. ही रेघ माझ्या यंत्रातली."

मग जे हसू फुटलं त्यानं गंजी हलली. कुणीतरी कोंबडीचा आवाज काढला. मेहुणाही हसला, पण त्याचे कान लाल झाले. हुबेहूब बहिणीचे कान. गप्प बसलं तर निभावत होतं. म्हातारीला दिसत नव्हतं, बाकीच्यांना संशय नव्हता. चष्मेवाला त्या कानांकडं पाहत राहिला.

"तो नव्हता," तो शेवटी म्हणाला. "मी होतो."

हसू थांबलं. बाईंनी चष्मा काढून पुसला. "बघा. याला म्हणतात नातं. मेहुण्याची लाज झाकायला माणूस स्वतःची अब्रू पुढं करतो."

"बाई, खरंच मी. पाय लटपटत होते माझे."

"किती मनाचा मोठेपणा."

"शपथ घेतो हवी तर."

"त्याच्यासाठी खोटी शपथसुद्धा," बाईंनी पुन्हा चष्मा पुसला. "आज तुमच्या बायकोला फोन करून सगळं सांगणार आहे मी."

"नको, बाई. पाया पडतो," म्हणत चष्मेवाला तरातरा शिडी उतरला. एडक्यानं पाठलाग केला की लोकांच्या डोळ्यांदेखतच शहानिशा होईल, असा त्याचा हिशेब. तो एडक्यासमोर जाऊन डोळे मिटून उभा राहिला. म्हातारी शेजारीच मूठभर चारा घेऊन उभी. एडक्यानं त्याचा गुडघा हुंगला, मग हातावरचा घाम चवीनं चाटला.

"आणि हे म्हणे भ्याले होते," बाई वरून म्हणाल्या. टाळ्या पडल्या. त्या त्याला गालावर पडल्यासारख्या लागल्या.

मंडळ उतरलं, रेघेला लागलं. म्हातारी हातातला चारा बाळ्यापुढं टाकून घरात गेली. मागं राहिले ते दोघे दाजी-मेहुणे.

"मला माफ कर," चष्मेवाला म्हणाला. "त्या दिवशी तुला हसलो ते..."

"जाऊ द्या, दाजी. राग होता मला. पण फेऱ्या मारताना तुमचं तोंड बघितलं, आणि कीवच आली."

चष्मेवाला काहीतरी बोलणार होता, पण मेहुण्याची नजर त्याच्या खांद्यावरून मागं खिळली होती. चारा संपला होता. मालकीण आत होती. बाळ्यानं मान खाली घातली.

या खेपेला सायकली खालीच राहिल्या. शिडी दोघांना वर पोचवेपर्यंत टिकली आणि मग बाळ्यानं ती पाडली. लांबच्या चढावर मंडळी मुंग्यांएवढी दिसत होती. दोघे दम घेत गवतात बसून राहिले.

"दाजी," मेहुणा म्हणाला, "हे कुणाला सांगायचं का आपण?"

"मी सांगून पाहिलं," चष्मेवाला म्हणाला.