टाकीतला ठिपकेदार फरारी

"गुन्हेगाराच्या डोक्यात बेत शिजायच्या आधीच मला त्याचा वास येतो," असं संभाजीराव धुमाळ स्वतःबद्दल सांगत. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होताच त्यांनी कोथरूडच्या राहत्या फ्लॅटवर 'खासगी अन्वेषक' अशी पाटी ठोकली होती. समोर दूध करपलं तरी त्या नाकाला पत्ता लागत नसे, हे सुहासिनीबाईंना ठाऊक होतं. पण बायको आणि सहायक अशा दोन्ही पदांवर बिनपगारी असल्याने त्या बोलत नसत.

पहिली केस शेजारूनच आली. सिराजभाई बागवान मार्केट यार्डातले फळांचे व्यापारी. अंधारातच चपला चाचपडत घराबाहेर पडत, दुपारी परतत आणि मग आपल्या समुद्री माशांच्या टाकीसमोर बसत. सॉलोमन बेटांकडचा एक ठिपकेदार रॅस मासा त्यांनी मोठ्या हौसेने आणला होता. संध्याकाळी टाकीत सोडला, जेवून येतात तर गायब! दुसऱ्या दुपारीही नाही, तिसऱ्या दुपारीही नाही.

"फार देखणा होता हो, वहिनी," म्हणताना त्यांचा आवाज भरून आला.

"घरात कुणाला सांगू नका, संशयित सावध होतात," असं बजावून संभाजीराव पेस्ट कंट्रोलवाल्याच्या वेशात शेजारी गेले. सिराजभाईंच्या आई, नसीमबानू, त्यांना वीस वर्षं ओळखत होत्या. त्यांनी चहा दिला आणि हळूच विचारलं, "पेन्शन पुरत नाही का, भाऊ?"

मासा पंपाने ओढून नेला, हा पहिला सिद्धांत. पंप खोलला, तर त्यात फक्त शेवाळ. मग आंतरराष्ट्रीय टोळी आली, कारण जिन्यात थर्माकोलचा डबा घेतलेला इसम दिसला होता. तो आइस्क्रीमवाला निघाला. त्यानंतर संभाजीराव रोज दुपारचं जेवण झालं की टाकीसमोर आरामखुर्चीत पाळत ठेवू लागले. डोळे मिटून पाळत ठेवण्याची ही पद्धत त्यांची स्वतःची होती.

शेवटी टाकीच्या झाकणावर एक केस सापडला. मांजराचा!

"आपल्या पोपटचा," ते घरी येऊन आपल्या बोक्याकडे बोट दाखवत गंभीरपणे म्हणाले.

"अहो, तो तुमच्याच पँटवरून पडला असेल. दिवसभर मांडीवर घेऊन बसता त्याला!"

"कायद्यापुढे नाती नसतात. उद्या त्याची रवानगी वाघोलीला, अभयकडे."

अभय म्हणजे धाकटा दीर. त्याच्याकडे दोन कुत्रे होते. पोपटला बाटलीने दूध पाजून वाढवणाऱ्या सुहासिनीबाईंना त्या रात्री जेवण गेलं नाही. सकाळी बोक्याला काखोटीला मारून त्या रडतच शेजारी निरोप घ्यायला गेल्या.

"कसला मासा खाल्ला म्हणता?" नसीमबानूंनी विचारलं. "तो ठिपक्यांचा? अगं, मी पहाटे फजरच्या नमाजाला उठून दिवा लावते, तेव्हा चांगला फिरत असतो की! हा बघ, आत्ताही फिरतोय. दुपारी जेवणं झाली की वाळूत शिरून झोपतो. मी म्हटलं, पुण्यात आलाय, लवकर शिकला."

"पण तुम्ही सांगितलं का नाही?"

"विचारलं कुणी? मला वाटलं, भाऊ झुरळं शोधतायत."

सिराजभाई यार्डातून धावत आले. माशाला बघून त्यांनी आईचे हातच धरले. मग विक्रेत्याला फोन लावला. हा मासा झोपायला वाळूत शिरतो, तो म्हणाला, आणि त्याचं घड्याळ अजून तिकडचंच आहे. आपलं दुपारचं जेवण होतं तेव्हा तिकडे सॉलोमन बेटांवर दिवस मावळतो. महिनाभरात येईल वळणावर.

संभाजीरावांनी घसा साफ केला. "पोपटची निर्दोष मुक्तता करण्यात येत आहे."

"ते बरंच झालं," सुहासिनीबाई पोपटला कुरवाळत म्हणाल्या. "पण अभयभावजींनी बिचाऱ्यांनी खोली रिकामी करून ठेवलीय. त्यांचा हिरमोड नको. तुम्ही जा."