अ‍ॅडजस्ट म्हणजे नक्की काय?

चष्मेवाल्याच्या दुकानात येणाऱ्या निम्म्या गिऱ्हाइकांची मागणी एकच असे, "जरा अ‍ॅडजस्ट करून द्या हो." तो चष्म्याची काडी किंचित गरम करी, कानामागे बसेल अशी वाकवी, नाकावरच्या गाद्या चिमटीत धरून आतबाहेर करी, की झालं काम. जगात अ‍ॅडजस्ट करणं म्हणजे एवढंच, अशी त्याची पन्नाशी उलटेपर्यंत प्रामाणिक समजूत होती.

मग एके दिवशी शिंप्याने नवा शर्ट हातात देताना सांगितलं, "बाही जरा अ‍ॅडजस्ट केलीय."

"म्हणजे नक्की काय केलंत?" चष्मेवाल्याने सहज विचारलं.

शिंप्याने इकडेतिकडे पाहिलं आणि कबूल करून टाकलं. "कापड कमी पडलं. डावी बाही आखूड आहे. हात जरा वाकवून ठेवलात की कळणार नाही कुणाला."

चष्मेवाला हात वाकवून घरी आला, पण खुशीत आला. (शर्टाचं दुःख त्याला जेवताना झालं.) एवढ्याशा प्रश्नाने माणूस घडाघडा खरं बोलतो! त्याने ठरवलं, यापुढे हा शब्द कानावर पडला की विचारायचंच.

लिफ्टमध्ये शेजारी म्हणाले, "अ‍ॅडजस्ट करा जरा." म्हणजे नक्की काय? "पोट आत घ्या." दाताचा डॉक्टर म्हणाला, नवी कवळी अ‍ॅडजस्ट होईल. म्हणजे? "टोचत राहील, तुम्ही तक्रार करायची सोडाल." प्लंबरने नळ अ‍ॅडजस्ट केला होता. म्हणजे? "गळेल, पण तुमच्याकडे नाही, खालच्यांकडे." बायको म्हणाली, "आज जेवणाचं अ‍ॅडजस्ट करा." म्हणजे?

"म्हणजे कालचंच आहे! आणि पुन्हा हा प्रश्न विचारलात तर उद्याही कालचंच असेल!"

पण चष्मेवाल्याला आता चटकच लागली होती. शब्द एक आणि प्रत्येकाच्या पोटात निराळंच काहीतरी दडलेलं. इतकी गंमत त्याला भिंगांत कधी आली नव्हती.

अशात रविवारी मुलीने पसंत केलेल्या मुलाचे आईवडील चहाला यायचे ठरले. "बाबा," मुलगी म्हणाली, "त्याची आई करारी आहे. तुमचा तो प्रश्न आज विचारू नका. बिनसलं तर मी काय करू?" तिचा चेहरा बघून चष्मेवाल्याला भरून आलं. त्याने शपथ घेतली.

चहा छान झाला. चष्मेवाला बिस्किटांची बशी धरून, हात वाकवून, नुसता हसत बसला होता. आणि मुलाची आई म्हणाली, "मुलगी गोड आहे हो. आमच्याकडे आल्यावर थोडंफार अ‍ॅडजस्ट केलं की झालं."

बायकोने डोळे वटारले. मुलीने टेबलाखालून त्याचा पाय दाबला. तो पाणी प्यायला. पण आता ती गंमत उरली नव्हती, त्याला खरोखर काळजी वाटू लागली होती. काडी वाकवण्याआधीसुद्धा किती वाकवायची ते तो बघून घेई. ही तर त्याची पोर होती.

"म्हणजे नक्की काय?"

मुलीने डोळे मिटले. मुलाच्या आईने कप खाली ठेवला.

"हे मला कुणी विचारलंच नव्हतं," ती हळूच म्हणाली. "म्हणजे... मी गायचे. यांना त्याच वेळी बातम्या लागत. मी गाणं सोडलं."

"मी कधी म्हटलं सोड म्हणून?" मुलाचे वडील दचकले.

"तुम्ही म्हणालात, अ‍ॅडजस्ट कर."

ती मुलीकडे वळली. "तू यातलं काही करायचं नाहीस बरं का. बातम्या ऐकायला यांना मी हेडफोन आणते."

चष्मेवाल्याची छाती फुगली. एका प्रश्नात पोरीचं भलं करून टाकलं! तेवढ्यात पाहुणीने त्याच्या बायकोला विचारलं, "आणि तुम्ही काय काय अ‍ॅडजस्ट केलंत हो?"

लग्न झाल्यापासून बायको याच प्रश्नाची वाट बघत असावी. "बसा, सांगते," ती म्हणाली. ओला टॉवेल पलंगावर. चावी हरवली की दोष तिचा. झोपेतच बरळत तिला गदागदा हलवून, "आता स्पष्ट दिसतंय का? आणि आता?" चहा दोनदा गार झाला, दोनदा गरम झाला. मुलाचे वडील आता त्याच्याकडे फार आपुलकीने बघत होते.

निघताना मुलाच्या आईने मुलीला जवळ घेतलं. "आम्हाला मुलगी पसंत आहे. हिचं काहीएक अडायचं नाही आमच्याकडे. जी यांच्या घरात वाढली, ती कुठेही अ‍ॅडजस्ट होईल."

चष्मेवाल्याने तोंड उघडलं. बायकोने त्यात बिस्कीट सरकवलं.