मुकुंदभाऊजींचं केळवण

सासूबाईंचा थोरला मुलगा मासा होता, आणि लग्न ठरवताना ही गोष्ट कुणीही लपवली नव्हती. परागच्या बायोडाटात स्वच्छ लिहिलं होतं: थोरला भाऊ मुकुंद अविवाहित, घरीच असतो, खाऱ्या पाण्यात. ऋजुताच्या वडिलांनी त्यावर एवढंच विचारलं होतं की, त्यांचं सगळं कोण बघतं. "छे छे, त्याचं तो बघतो," असं सासरे म्हणाले होते.

त्याचं तो काहीही बघत नव्हता. सांगलीपासून समुद्र लांब, त्यामुळे मुकुंदचं पाणी घरीच करावं लागे. बादलीत मीठ विरघळवायचं, खारटपणा मोजायचा, टाकीतलं जुनं पाणी उपसून नवीन भरायचं. हे काम ऋजुतानं करावं असं तिला कुणी सांगितलं नाही. ती घरात आली त्या आठवड्यात बादली मोरीतून उचलून तिच्या खोलीच्या दाराशी ठेवलेली दिसली, इतकंच.

मुकुंद तळहाताएवढा, निळाकाळा होता आणि त्याला दात होते. काच पुसायला तिनं पाण्यात हात घातला, तेव्हा मेंदी उतरायच्या आत तो तिच्या बोटाला कडाडून चावला. सासूबाईंनी बोटावर हळद दाबली. "नवीन माणसाची सवय नाही गं त्याला. ओळख झाली की काही करत नाही." त्यांच्या स्वतःच्या मनगटावर बरेच व्रण होते. ते ओळख झाल्यानंतरचे असावेत.

बोटाचं ती विसरली असती. पण रुखवतात तिनं अबोली आणि केशर आणल्या होत्या. पांढऱ्या पट्ट्यांच्या त्या दोन नारिंगी मासोळ्या तिनं कॉलेजात असल्यापासून माहेरच्या खोलीत वाढवल्या होत्या. मांडवात त्या चिवड्याच्या आणि लाडवांच्या ताटांमध्ये मांडल्या होत्या आणि वऱ्हाडानं वाकून वाकून कौतुक केलं होतं. त्या साध्या मासोळ्या होत्या, कुणाच्या कुणी लागत नव्हत्या. "एवढी ऐसपैस टाकी आहे, दोघी सहज मावतील," म्हणत सासूबाईंनीच त्यांना मुकुंदच्या पाण्यात सोडलं.

सत्यनारायण झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अबोली फिल्टरच्या मागे सापडली. तिला पर उरले नव्हते. पराग म्हणाला, "दादाचा स्वभाव जरा गरम आहे." सासरे म्हणाले, आधीपासूनच आजारी असेल. केशर तेव्हापासून नळीच्या आडोशाला, शेपूट फाटलेली, मुकुंदचा डोळा लागला की दोन घास खायची.

ऋजुता फार बोलणारी नव्हती. जेवताना तिनं एकच वाक्य उच्चारलं. "मुकुंदभाऊजींना वेगळ्या टाकीत ठेवायला हवं."

सासूबाईंच्या हातातली पोळी हातातच राहिली. "वेगळं? थोरल्याला?"

"नाहीतर केशर मरेल."

"अगं, मासा आहे तो."

"कोण?"

"केशर. मुकुंद घरातला माणूस आहे."

"काल आलीस," सासरे ताटाकडे बघत म्हणाले, "आणि आज भावाभावांत वाटण्या."

ऋजुतानं परागकडे पाहिलं. परागनं आमटी वाढून घेतली.

प्रकरण वाढू नये म्हणून विसूमामांना बोलावलं. सासूबाईंचे हे थोरले भाऊ घरातले तंटे सोडवत. म्हणजे तंटा कुणाच्या तरी गळ्यात घालून चहा पिऊन जात. ते टाकीपुढे खुर्ची ओढून बसले. मुकुंदनं त्यांच्या नाकाच्या रोखानं काचेवर धडक मारली. "बरा आहेस ना?" मामांनी विचारलं, आणि सगळ्यांकडे वळून निकाल दिला. "लग्न करून टाका याचं. अंगावर जबाबदारी पडली की येतो ताळ्यावर."

"पण मुलगी कोण देणार, दादा?" सासूबाईंनी विचारलं.

मामांची नजर टाकीत फिरत फिरत फिल्टरच्या नळीपाशी थांबली. "ही काय, घरातच आहे की. दोघी एका माहेरच्या. जावाजावांचं पटेलसुद्धा."

ऋजुता पुढे झाली. "मामा, त्यांनी तिच्या बहिणीला मारलंय."

"म्हणूनच तर," मामा शांतपणे म्हणाले. "आता हिचं त्यानंच नको का बघायला?"

सासूबाईंचे डोळे भरून आले. इतका पोक्त विचार त्यांच्या भावालाच सुचू शकत होता. सासऱ्यांनी मान डोलावली. पराग चष्मा पुसत होता आणि तो चष्मा आज काही केल्या स्वच्छ होत नव्हता.

ऋजुता कप गोळा करून आत गेली. एकेक कप तिनं असा घासला की मामांच्या कपाची नक्षी फिकी झाली. या घरात सुनेला बोलायला जागा नव्हती, ते तिनं करून पाहिलं होतं. पण केशर जर नवरी, तर केशरचं माहेर कोण? ऋजुताचे वडील एरवी दुकानात सुट्टे पैसेही मागायला संकोचणारे. पण तिचं लग्न ठरवताना तेसुद्धा मुलीकडचे म्हणून पाय पसरून बसायला शिकले होते.

तिनं हात पुसले, बाहेर आली आणि दिवाणाच्या कडेवर न टेकता मामांच्या समोरच्या खुर्चीत बसली.

"आमच्या काही अपेक्षा आहेत," ती म्हणाली.

सासूबाईंनी नकळत पदर सारखा केला. "हो हो, बोला ना."

"मुलगी एकत्र कुटुंबात नांदणार नाही. मुलाचं स्वतःचं घर हवं. आधी त्यांनी तिथे राहायला जावं, मग आम्ही बघायला येऊ."

सासऱ्यांनी मामांकडे पाहिलं. मामांनी मान हलवली. "हल्ली सगळ्याच मागतात. त्यात गैर काही नाही."

आणि खरंच कुणाला काही गैर वाटलं नाही. थोरल्याला काढणं ही घर फोडण्याची गोष्ट होती. थोरल्यानं लग्नासाठी नवीन जागा घेणं ही शेजारी सांगण्यासारखी गोष्ट होती, आणि सासूबाईंनी ती संध्याकाळपर्यंत सांगितलीही. मागच्या खोलीत पूर्वेकडे तोंड करून नवीन टाकी आली. तिच्यावर स्वस्तिक काढलं.

अडचण मुकुंदला तिथवर न्यायची होती. पराग जाळी घेऊन आला की तो दगडांच्या बिळात शिरे. सगळे दगड उपसावे लागतील, असं पराग म्हणाला. "आणि नवऱ्या मुलाला जाळीत धरणार?" सासूबाईंनी विचारलं.

"आधी केळवण करू या," ऋजुता म्हणाली. "मुलीकडून."

तिनं माहेरून आणलेली लोणच्याची काचेची बरणी रिकामी करून धुतली आणि टाकीच्या तळाशी आडवी ठेवली. टाकीभोवती रांगोळी घातली. त्या घरात मासे शिजत नसत, नात्याचा प्रश्न होता. पण मुकुंदला सोललेली कोळंबी लागे. ती बरणीच्या अगदी आत, बुडाशी वाढली. जन्मभर जिथे असेल तिथे ज्याला वाढलं गेलं, त्याला शंका यायचं कारणच नव्हतं. मुकुंद ऐटीत आत गेला. ऋजुतानं पाण्यात हात घातला आणि झाकण लावलं.

सासूबाईंनी ओवाळलं. परागनं बरणी छातीशी धरून मागच्या खोलीत नेली.

पुढच्या रविवारी मुलीकडची मंडळी आली. ऋजुता पैठणी नेसून दाराबाहेर गेली, बेल वाजवली, आणि आत आल्यावर तिला पोहे मिळाले. ते सासूबाईंनी केले होते. ती नव्या टाकीपुढे बसली.

"बाहेर कुठे जाणं-येणं असतं का?"

"नाही, घरीच असतो," सासरे म्हणाले.

"राग वगैरे?"

"अजिबात नाही हो," सासूबाई म्हणाल्या. "अगदी शांत."

मुकुंदनं पाण्यातली हीटरची वायर चावली. ऋजुतानं पोहे संपवले, हात जोडले. "कळवतो," ती म्हणाली आणि निघाली.

केशर आता मोठ्या टाकीत मधोमध पोहते. शेपटीचा फाटका कोपरा पुन्हा येऊ लागला आहे. सासूबाई अधूनमधून भाजी निवडताना विचारतात, "तुमच्याकडून काही निरोप?"

"आमच्यात बोलणं चाललंय," ऋजुता सांगते.

"मुलीकडच्यांचा तोरा," सासूबाई सुस्कारा टाकून सुनेला म्हणतात, आणि सून मान हलवते.

मागच्या खोलीतलं पाणी मात्र आता पराग बदलतो. लग्न ठरायच्या आधी मुलीकडच्यांनी मुलाच्या घरात कामं करणं बरं दिसत नाही, हे सासऱ्यांनाही पटलं. परवा तो बोट धरून स्वयंपाकघरात आला, फरशीवर थेंब सांडत.

"नवीन जागा आहे ना त्यांना," ऋजुता म्हणाली. "ओळख झाली की काही करत नाहीत." आणि तिनं हळदीचा डबा काढला.